इंजिन बदललंय? स्कॅनर लावायच्या आधी अर्थ वायर बघा

दुसरं इंजिन बसवलं, सेल्फ मारला तर फिरतं पण धरत नाही. धरलंच तर मीटरवर चार दिवे एकदम. लगेच कुणीतरी ‘ईसीयू गेला’, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला, म्हणेल. ऐकू नका.

बॅटरी पूर्ण चार्ज, फ्यूज शाबूत. पुढे चला.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे सेल्फचा करंट परत जायला इंजिन-गिअरबॉक्सची जाड अर्थ वायरच लागते. इंजिन उतरवताना ती सोडतात आणि चढवताना ती खाली लोंबत राहते. मागच्या खेपेला हीच राहिली होती आणि खर्च झाला सेन्सरवर. म्हणून पहिली हीच. लावलेली दिसली तरी बोल्ट काढा, वायरच्या कानाखालचा (टोकाच्या कडीखालचा) रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, धातू लख्ख दिसू द्या.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप वाजली म्हणजे अर्थ चांगला, असं समजू नका. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजते. सेल्फचा शंभरावर अँपियर करंट त्या धाग्याला पेलत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दिसला की अर्थ कच्चा, मग बाकी काही उघडू नका.

हार्नेसमधले (वायरिंगच्या जुडग्यातले) बारीक अर्थही बघा, गोल कानवाले, बहुतेक हेडला किंवा इनटेक मॅनिफोल्डला कसलेले असतात. त्यातला एक सुटला की एकमेकांशी संबंध नसलेले बिघाडाचे कोड स्कॅनरवर एकदम येतात. असे कोड दिसले की सेन्सर मागवायच्या आधी परत अर्थ!

यानंतर स्कॅनर. पी0335 म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी0340 कॅमचं. सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) नीट बसलाय का, वायर एक्झॉस्टला टेकून जळली नाही ना, हे आधी. इंजिन दुसऱ्या व्हेरिएंटचं असेल तर क्रँकच्या रिंगचे दात मोजा. 60-2 (60 दातांच्या जागा, 2 गाळलेल्या) समजणाऱ्या ईसीयूला 36-1 ची रिंग कळत नाही. ईसीयू आपल्याच गाडीचा ठेवा, नाहीतर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखणार नाही.

स्कॅनर बोलतच नसेल तर बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतो त्या) 6 आणि 14 पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. कॅन लाइन (ईसीयूंना एकमेकांशी जोडणारी वायरजोडी) तिथे असेल तर साधारण 60 ओहम यावेत. चालू इंजिनवर चार्जिंग 13.8 ते 14.4 व्होल्ट. कोड पुसा, गाडी फिरवा, पुन्हा स्कॅन. आरसीवर नवा इंजिन नंबर आरटीओतून चढवा, विमा कंपनीलाही कळवा.