मदतीला येणारा सहकारी ओळखताना: उद्यमबागेतील सुपरवायझरांसाठी

येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी भागात भाताची रोप लावणी सुरू झाली की बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) पाळी बदलून मागणारे वाढतात, आणि कोणाची पाळी कोण सांभाळतो हे नीट पाहिल्यास स्वभाव आणि परोपकार यांचा संबंध तिथेच समजू लागतो.

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये नोकरीतील अशा ऐच्छिक वागणुकीचे पाच प्रकार मांडले. त्यांपैकी परोपकार म्हणजे कामाशी संबंधित अडचणीत विशिष्ट सहकाऱ्याला केलेली मदत. वेळेवर येणे, नियम पाळणे हा कर्तव्यदक्षतेचा भाग त्यांनी वेगळा धरला. म्हणून प्रथम दोन आठवडे एका वहीत कोणी, कोणाला, कोणत्या कामात मदत केली एवढेच लिहावे आणि हजेरीचे कौतुक त्यात मिसळू नये. चहाचे पैसे देणारा या वहीत येत नाही. यंत्रावरची कन्नडमधील सुरक्षा सूचना मराठी सोबत्याला वाचून समजावणारा मात्र अवश्य येतो. (मराठी-कन्नड वादावर तावातावाने बोलणारेही यंत्रापाशी एकमेकांचे दुभाषी होतात.)

त्यानंतर स्वभावाकडे वळावे. मानसशास्त्रात रूढ असलेल्या पाच गुणांपैकी सौजन्यशीलता आणि कर्तव्यदक्षता (येथे वागणुकीचा प्रकार नव्हे, तर स्वभावगुण) हे दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. ऑर्गन आणि कॅथरीन रायन यांनी १९९५ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हा कामातील समाधान, न्यायाची जाणीव आणि वरिष्ठांचा आधार यांचा अशा वागणुकीशी असलेला संबंध बहुतेक स्वभावगुणांपेक्षा अधिक दिसला; कर्तव्यदक्षता काहीशी पुढे होती, पण तिचा जोरही व्यक्तीला मदत करण्यापेक्षा नियमपालनाशी अधिक होता. बोलक्या माणसाची मदत सर्वांना दिसते, तर कोअर विभागात (ओतीव वस्तूत पोकळी राखणारे वाळूचे गाभे बनतात तिथे) मान खाली घालून काम करणारा नवशिक्याचा बिघडलेला कोअर गुपचूप दुरुस्त करून देतो आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. वही ठेवायची ती मुख्यतः याच्यासाठी.

वहीत मदतीच्या नोंदी कमी आढळल्या, तर कामगारांच्या स्वभावाला दोष देण्याआधी ओव्हरटाइमचे वाटप तपासावे. तो कोणाला आणि का दिला हे फलकावर लिहिलेले नसेल, तर मोल्डिंगवरचा (साचे बनवणारा) माणूस फेटलिंगवाल्याच्या (ओतीव वस्तू घासून साफ करणाऱ्याच्या) मदतीला का जाईल? पाळी नाकारल्याचे कारण त्या कामगाराला समोर बसवून आणि शक्यतो त्याच्या भाषेत सांगावे.

सौजन्यशील माणसाच्या बाबतीत एक चूक मात्र आपण सगळेच करतो: तो नाही म्हणत नाही, म्हणून प्रत्येक अडलेले काम त्याच्याकडेच जाते. हळूहळू ती मदत ऐच्छिक न राहता त्याच्यावर लादलेले काम बनते, आणि त्याचे स्वतःचे काम मागे पडले की ठपकाही त्याच्यावरच येतो. त्यामुळे लावणीच्या आधीच बदली पाळ्यांची यादी आळीपाळीने तयार करावी, एका माणसाचे नाव लागोपाठ दोनदा येऊ देऊ नये, आणि त्याने यंदा नकार दिला तर कारण न विचारता पुढचे नाव घ्यावे.