जीमॅटचा स्कोअर कमी आला? पुन्हा बसण्याआधी या चुका टाळा

आधी स्कोअर खरंच वाईट आहे का ते बघा. जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा; तिचं नवं रूप नोव्हेंबर 2023 मध्ये आलं, गुण 205 ते 805. ऑफिसातले सीनिअर मात्र अजून ‘सातशेच्या वर पाहिजे’ हेच सांगतात. जुन्या 700 च्या तोडीला आता साधारण 645 येतो. 655 घेऊन रडत आलेले मी पाहिलेत. त्यांनी सरळ अर्जाच्या निबंधांना लागावं.

ज्यांचा खरोखर कमी आलाय, त्यांची सगळ्यात लाडकी चूक म्हणजे त्याच त्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा, पुन्हा देत राहणं. अधिकृत साइटवर दोन मॉक फुकट आहेत, रीसेट करून परत देता येतात. पण प्रश्नांचा साठा ठरावीक, त्यामुळे ओळखीचे चेहरे भेटतात आणि स्कोअर फुगतो. हिंजवडीत नोकरी करणारा एकजण आला होता. मॉकमध्ये 705, परीक्षेत 595. “सर, सेंटरवर एसी फार होता, लक्षच लागलं नाही.” मी त्याच मॉकमधला क्वांटचा, म्हणजे गणिताच्या विभागाचा, एक प्रश्न पुढे ठेवला. पहिली ओळ वाचूनच पठ्ठ्याने पर्याय सांगितला. मग आकडे बदलून तोच प्रश्न दिला, तर दहा मिनिटं नुसता पेन फिरवत बसला. एसीचा विषय तिथेच संपला. त्याला अधिकृत साइटवरचीच न दिलेली मॉक विकत घ्यायला लावली. नव्या कोर्सवर पैसे उडवण्यापेक्षा ते इथे घाला, आणि एक मॉक शेवटच्या पंधरवड्यासाठी शिल्लक ठेवा.

दुसरी चूक, “सोल्यूशन वाचलं, कळलं.” वाचून सगळ्यांनाच कळतं हो! माझ्या विद्यार्थ्यांना साधी दोनशे पानी वही घालावी लागते. चुकलेला प्रश्न, आणि खाली एका वाक्यात का चुकला ते. ‘घाईत चुकलं’ असं लिहिलेलं मी खोडतो. घाईत काय केलं ते लिहा: ‘एक्स पूर्णांक आहे असं धरून चाललो’, ‘लेखकाचं मत विचारलं होतं, मी समीक्षकाचं दिलं’. तीन आठवड्यांनी तोच प्रश्न उत्तर झाकून कोऱ्या कागदावर सोडवायचा. कंटाळवाणं आहे, मान्य. शॉर्टकटचे व्हिडिओ बघायला जास्त मजा येते, आणि 555 चा 565 तेवढा होतो.

इंजिनिअर मंडळी आवडतं म्हणून क्वांटच घोटत बसतात. क्वांट, व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) या तिन्ही विभागांचं वजन सारखं आहे; डेटा इनसाइट्सचे विभागाचे गुण 72 वर अडकले असतील तर तिकडे बघा.

एका गणितावर पाच मिनिटं घालवू नका. क्वांटला 45 मिनिटांत 21 प्रश्न असतात. अडलं की अंदाजाने पर्याय निवडा, खूण करा, पुढे चला. शेवटी वेळ उरला तर प्रत्येक विभागात तीन उत्तरं बदलता येतात. प्रश्न उत्तर न देताच राहिले तर मात्र गुण कापले जातात.

आणि निकालाच्या रात्रीच पुढची तारीख घेऊ नका. नियमाने 16 दिवसांनी बसता येतं, 12 महिन्यांत पाच वेळा. वहीतल्या जुन्या चुका झाकून बरोबर येईपर्यंत मी कुणाला फी भरू देत नाही, मग घरून कितीही फोन येवोत.