बॅसवुडने मान टाकली तेव्हा

अमेरिकेतल्या मिनेसोटात झाडांच्या निगेचं काम सुरू करून मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. जुलै महिना, सेंट पॉलजवळचं एक नवीन उपनगर. हिरवळीच्या मधोमध तीन वर्षांपूर्वी लावलेलं बॅसवुडचं झाड, खोड माझ्या मनगटाहून थोडं जाड. तळहाताएवढी हृदयाकृती पानं ओल्या फडक्यांसारखी लोंबत होती. मालकीणबाई काळजीने दारातच उभ्या होत्या. मी पंधरा फुटांवरून झाडाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, ‘‘पाणी कमी पडतंय. वाढवा.’’

ही माझी पहिली चूक. या कामात नव्याने येणाऱ्यांनी ती करू नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चूक कुठून आली तेही सांगते. मी वनशास्त्र शिकले दापोलीत. तिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्याच्या उतारावर पाणी ठरत नाही. दिवाळीनंतर रोपानं मान टाकली की ते तहानलेलंच असणार, हे आमच्या डोक्यात पक्कं. इथे मात्र बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेली होती. खाली यंत्रांनी चेपून घट्ट झालेली चिकणमाती होती आणि तिच्यावर सतरंजी अंथरावी तशी तयार हिरवळ. स्प्रिंकलर रोज पहाटे आपोआप चालू. त्यात माझा सल्ला मानून बाईंनी वरून नळीही लावली.

दोन आठवड्यांनी फोन आला, आतली पानं पिवळी पडून गळताहेत. या वेळी फोरमन बरोबर आला. तो मेक्सिकोतून आलेला, वीस वर्षं झाडांवर काढलेला. मला चिडवायला ‘इंजिनियर’ म्हणायचा. झाडाकडे न बघता तो आधी गुडघ्यावर बसला आणि माती तपासायची पोकळ सळी जमिनीत दाबली. बाहेर आली ती करडी, चिकट माती आणि तिला डबक्यासारखा कुबट वास. ‘‘वास घे, इंजिनियर,’’ एवढंच म्हणाला.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की बारीक मुळं गुदमरून मरतात, आणि मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. वरून पाहिलं तर दोन्ही दुखण्यांत पानं सारखीच लोंबतात. फरक ओळखायला मी आता सकाळी सातला जाते. नुसत्या उन्हाने मरगळलेलं झाड रात्रीत सावरतं, पानं पुन्हा ताठ दिसतात. तहान जास्त असेल तर कडा करपून कुरकुरीत होतात. पाणी साचलेल्या झाडाची पानं सकाळीही मऊ, मलूल आणि पिवळट असतात. तरी अंतिम उत्तर पानात शोधू नका. सळी नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या किंवा कुदळीने वीतभर उकरा, आणि ती माती मुठीत दाबून पाहा.

त्या झाडाचं दुखणं पाण्यावर संपलं नव्हतं. निरोगी झाडाचं खोड जमिनीपाशी पसरतं, मुळांचे पुठ्ठे, म्हणजे खोडातून मुळं फुटतात तिथले फुगवटे, वर दिसतात. हे झाड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलं होतं. हाताने माती काढत गेलो, तर पुठ्ठे वीतभर खाली गाडलेले निघाले आणि अंगठ्याएवढं एक मूळ खोडाभोवती फासासारखं वळलेलं. खोल लावलेल्या झाडांत हे वारंवार होतं. झाड कुंडीत वाढताना मुळं गोल फिरतात, मग खोड जाड होत जातं आणि फास आवळतो. लिंडेन म्हणजे बॅसवुडचीच भावंडं, आणि या झाडांत हा दोष इतका दिसतो की मिनेसोटा विद्यापीठाने त्यावर बरंच काम केलं आहे. फोरमनने छिन्नीने ते मूळ कापलं. मोठी मुळं अनेक असतील तर एकाच दिवशी सगळी कापायची नसतात, हे मी त्या दिवशी शिकले.

उपचार म्हणाल तर अगदी साधे. स्प्रिंकलर बंद, पाणी फक्त सळी सांगेल तेव्हा. बुंध्याभोवतीची हिरवळ काढून लाकडाच्या ढलप्यांचा तीन-चार इंचांचा थर, पण खोडाला न टेकवता. खत नाही. आपल्याकडे झाड मलूल दिसलं की मूठभर युरिया टाकायचा हात शिवशिवतो, इथल्या गिऱ्हाईकालाही काहीतरी ‘टॉनिक’ हवंच असतं. मुळं मेलेली असताना नत्र देऊन नवी पानं फुटवणं म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढायला लावणं.

बाकीच्या शक्यता मी प्रश्न विचारून संपवते. हिरवळीवर तणनाशक मारलं का? त्याने पानं वाटीसारखी वळतात, देठ पिळवटतात. एकाच बाजूच्या फांद्या सुकताहेत का? मग व्हर्टिसिलियम बुरशीची शंका घ्यायची, फांदी तिरकी कापून आत काळपट-हिरव्या रेषा आहेत का ते पाहायचं आणि नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. नमुना अर्धवट सुकलेल्या, जिवंत फांदीचा हवा, मेलेल्या काटकीतून काही कळत नाही. पानांची जाळी झाली असेल तर जपानी भुंगेरे. ते बॅसवुडवर तुटून पडतात, पण पान लोंबवत नाहीत.

आणि कीटकनाशकाचा पंप हातात घेण्याआधी २०१३ सालचं विल्सनव्हिल आठवा. ऑरेगनमधल्या त्या गावात जूनमध्ये एका दुकानाच्या पार्किंगमधल्या फुललेल्या लिंडेनवर मावा मारायला डायनोटेफ्युरान हे निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक फवारलं आणि ५० हजारांवर भुंगमाश्या (बंबलबी) झाडांखाली मरून पडल्या. नंतर त्या राज्याने लिंडेनवर या गटातली औषधं वापरायला बंदी घातली. बॅसवुडचा फुलोरा म्हणजे मधमाश्यांची जत्रा, हे विसरून चालत नाही.

वनशास्त्र, उद्यानविद्या किंवा कृषी शिकून इकडे येणाऱ्यांनी पहिला उन्हाळा शक्यतो ऑफिसात न घालवता टोळीबरोबर काढावा. प्रमाणित आर्बोरिस्टच्या, म्हणजे झाडांच्या निगेच्या तज्ज्ञाच्या, परीक्षेला बसायला तीन वर्षांचा अनुभव, किंवा संबंधित पदवी आणि थोडा कमी अनुभव लागतो. मिनेसोटात गिऱ्हाईकाकडे औषध मारायचं तर कृषी खात्याचा वेगळा परवाना. पुस्तकं वाचताना परकेपणा वाटला तर एक गंमत सांगते. आपल्या धामणीच्या झाडाचं शास्त्रीय नाव ग्रेविया टिलीफोलिया, म्हणजे टिलियासारख्या पानांची. टिलिया हे बॅसवुड आणि लिंडेनच्या वंशाचं शास्त्रीय नाव. धामणीच्या सालीच्या दोऱ्या वळतात, आणि इथले ओजिब्वे लोक बॅसवुडच्या आतल्या सालीचा वाख काढून दोर वळत आले आहेत. हे कळल्यावर मला ते झाड निम्मं तरी ओळखीचं वाटू लागलं.

ते बॅसवुड त्या वर्षी निम्मी पानं गाळून बसलं. पुढच्या मे महिन्यात बाईंचा घाबरलेला फोन आला, ‘‘पानं परत लोंबताहेत!’’ मी सकाळी सातला गेले, सळी दाबली. माती दमट, भुसभुशीत, वास पावसाळी रानाचा. पानांना हात लावला तर मऊ, पोपटी, आठवडाभराची. बॅसवुडची कोवळी पानं सुरुवातीला अशीच खाली मान घालून असतात. तसं त्यांना सांगितलं आणि बिल न लावता परत निघाले.