आपल्याच नेटवर्कमधून निघणारा मारा: इंदूरमधील कामाचा अनुभव

इंटरनेट प्रोव्हायडरच्या नियंत्रण कक्षात नव्याने रुजू होणाऱ्यांना हल्ला म्हटला की तो बाहेरून येणार, असेच वाटत असते. इंदूरमध्ये घरोघरी फायबर पोहोचवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या प्रोव्हायडरकडे काम करताना माझ्या वाट्याला उलट्या दिशेची प्रकरणे अधिक आली. आपल्याच ग्राहकाच्या घरातून कुणा तिसऱ्यावर पॅकेटांचा (डेटाच्या छोट्या तुकड्यांचा) मारा सुरू झालेला असतो आणि त्याची पहिली खबर आपल्याला शेजाऱ्यांच्या ‘नेट फार स्लो आहे’ या तक्रारींतून मिळते.

अशा वेळी नवखा माणूस मेगाबिटचा ग्राफ उघडतो, आणि तो बहुधा फसवा असतो. राउटरला कष्ट पडतात ते पॅकेटांच्या संख्येचे. १ गिगाबिटच्या पोर्टवरून ६४ बाइटची पॅकेटे सेकंदाला सुमारे १४.८८ लाखांपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे लिंक अर्धीही भरलेली नसताना लहान राउटरचा प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांना टेकलेला दिसतो. म्हणून पॅकेट प्रति सेकंद दाखवणारा ग्राफ प्रत्येक पोर्टसाठी वेगळा ठेवावा आणि आधी तोच पाहावा.

पुढचा प्रश्न उगमाचा. पॅकेटवर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो. पॅकेट राउटरच्या ज्या इंटरफेसमधून (जोडणीतून) आत आले तो इंटरफेस मात्र खोटा असू शकत नाही. नेटफ्लोच्या (राउटरने ठेवलेल्या वाहतुकीच्या) नोंदीत हा इनपुट इंटरफेस असतो. हजारातून एक पॅकेट तपासणारे सॅम्पलिंग असले तरी मोठा मारा त्यात लपत नाही. पत्ते खोटे असतील तर एकाच लक्ष्याकडे जाणाऱ्या, प्रत्येकी एकाच पॅकेटच्या असंख्य नोंदी दिसतात. ती खूण एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. अपलिंककडून (बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या लिंककडून) एकेक टप्पा मागे येत ग्राहकांची सत्रे जिथे संपतात त्या राउटरपर्यंत पोहोचावे. पीपीपीओई (युजरनेमने लॉगिन होणारे कनेक्शन) असेल तर तिथे प्रत्येक ग्राहकाचा इंटरफेस वेगळा असल्याने थेट युजरनेम हाती लागते. अनेक ग्राहक एकाच व्हीलॅनवर (सामायिक आभासी नेटवर्कवर) असतील, तर मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून) ओएलटीचा, म्हणजे ग्राहकांच्या फायबर जिथे येऊन मिळतात त्या आपल्या यंत्राचा, पोर्ट शोधावा लागतो.

बाहेरच्या कुणाची तक्रार ईमेलने आली असेल, तर काम अधिक किचकट होते. आपले बहुतेक घरगुती ग्राहक १००.६४.०.०/१० या सामायिक पत्त्यांच्या मागे असतात आणि एका सार्वजनिक पत्त्याआड डझनावारी घरे असतात. तक्रारीत सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्या बाजूचा जोडणी-क्रमांक) आणि नेमकी वेळ नसेल, तर नॅटच्या (अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदींतून घर सापडणे जवळपास अशक्य. वेळही बहुधा यूटीसीमध्ये (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) असते. तक्रारीतले १४:१० म्हणजे आपले संध्याकाळचे ७:४०. या साध्या वजाबाकी-बेरजेत चूक झाली तर भलत्याच ग्राहकाचे कनेक्शन बंद होऊ शकते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना ६ तासांत कळवायच्या असतात आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, तेव्हा सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली असणे हे कामाचाच भाग आहे.

मारा थांबवताना पत्ता ब्लॉक करून भागत नाही. सत्र तोडले तर ग्राहकाचे राउटर काही क्षणांत पुन्हा डायल करते, नवा पत्ता घेते आणि मारा पुन्हा सुरू होतो. त्यामुळे कारवाई युजरनेमवर करावी. रेडियसमधून (ग्राहकांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरमधून) त्या ग्राहकाला मर्यादित प्रोफाइलवर टाकावे, ज्यात वेबपुरते इंटरनेट चालेल आणि बाकीचे अडेल. लक्ष्याचा पत्ता आपल्याकडे ब्लॅकहोल करणे, म्हणजे तिकडे जाणारी सगळी पॅकेटे टाकून देणे, हा झटपट उपाय आहे, परंतु तेवढ्या काळात आपल्या एकाही ग्राहकाला ती साइट उघडत नाही.

त्यानंतर ग्राहकाला फोन करायचा, आणि इथे शब्द सांभाळावेत असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त काकांकडे दोषी निघाला तो जिन्याखालचा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डर), ज्याचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच होता. ‘तुमच्याकडून हल्ला होतोय’ म्हटले असते, तर काका घाबरले असते किंवा भांडले असते. ‘काका, तुमच्या कॅमेऱ्यात कुणीतरी शिरलंय, तुमचं घर त्याला दिसत असेल’ म्हटल्यावर त्यांनी स्वतःच प्लग काढला. २०१६ च्या मिराई या घरगुती उपकरणांत शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरसारखा प्रकार यंत्राच्या मेमरीतच राहतो आणि ते बंद-चालू केल्यावर निघून जातो. पण पासवर्ड तोच आणि टेलनेट (दूरून लॉगिन करण्याची जुनी सोय) उघडे असेल, तर तो लवकरच परततो. म्हणून पासवर्ड बदलून आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट यंत्रापर्यंत येण्याची वाट) काढूनच यंत्र पुन्हा जोडावे.

खोट्या पत्त्यांवरचा उपाय मे २००० मधल्या आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात, म्हणजे बीसीपी ३८ मध्ये, आधीच लिहून ठेवलेला आहे: ग्राहकाला दिलेल्या पत्त्याखेरीज दुसऱ्या पत्त्याचे पॅकेट त्याच्या बाजूलाच टाकून द्यावे. घरगुती कनेक्शनवर यासाठी युआरपीएफ (पॅकेट आले त्याच वाटेने त्याचा पत्ता परत गाठता येतो का, ही तपासणी) कडक स्वरूपात लावायला काहीच अडचण नसते. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कारखान्याने दोन प्रोव्हायडर घेतलेले असतील, तर मात्र त्यांची पॅकेटे एका वाटेने जाऊन उत्तरे दुसऱ्या वाटेने येऊ शकतात आणि कडक तपासणीत खरी पॅकेटेही गळतात. अशा ग्राहकांकडून त्यांच्या पत्त्यांची यादी लेखी घ्यावी आणि त्या पोर्टवर हाताने लिहिलेला फिल्टर लावावा.