लाइनवर उभं राहून ऑफसाइड कसा बघायचा

कोल्हापुरात पोरांच्या फुटबॉल मॅचला मी लाइनवर झेंडा घेऊन उभा असतो, ऑफसाइड बघायला, म्हणजे पास सुटताना हल्ला करणारा खेळाडू (फॉरवर्ड) बचावपटूंच्या पुढे तर नाही ना हे बघायला. नव्याने येणाऱ्यांना पहिलं हेच सांगतो: बॉलमागे पळू नका, शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहा. गोलकीपरही त्या मोजणीत धरायचा. पास सुटल्याचा ‘टप्प’ आवाज कानाने टिपा, नजर रेषेवरच ठेवा. त्या क्षणी फॉरवर्डचं डोकं, धड किंवा पाऊल त्या रेषेच्या पुढे, गोलच्या बाजूला आहे का, एवढंच बघा. हात मोजायचे नाहीत; काखेच्या खालून हात सुरू होतो. बरोबरीत असेल तर खेळू द्या, १९९० पासून नियम तोच आहे. आणि लगेच झेंडा उचलू नका, तो खेळाडू खेळात येतोय का ते बघा.

थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिकवरून थेट ऑफसाइड नसतो.

आपल्याकडे व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही. २०२२ च्या विश्वचषकात ऑफसाइड पकडायला छताखाली १२ कॅमेरे होते, बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा. सौदीविरुद्ध अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझचा गोल तसाच बारीक फरकाने ऑफसाइड ठरून रद्द झाला. आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर म्हणतात, गोल करता येईल असा एखादा अवयव जरी बरोबरीत असला तरी ऑनसाइड द्या. मला हे मनापासून पटतं. पोरांना पुढे धावायला बळ मिळेल.