फोर्कलिफ्ट घ्यायची तर आधी टेप घ्या

गोदामासाठी फोर्कलिफ्टची चौकशी बहुतेकदा ‘तीन टनाची कितीला?’ इथूनच सुरू होते. टन नंतर बघा. आधी तीन मापं घ्या: समोरासमोरच्या पॅलेटमधली, म्हणजे माल रचायच्या पाटांमधली, मोकळी गल्ली (रॅकच्या खांबांमधली नव्हे, पॅलेट थोडं बाहेर येतंच), सगळ्यात वरच्या बीमची उंची आणि पॅलेटची खोली.

माल जमिनीवरच हलवायचा असेल तर हँड पॅलेट ट्रक पुरे. अडीच टन उचलतो, पण जेमतेम २० सेंमी. दोन-तीन थर लावायला स्टॅकर. त्याचे पाय माल उचलणाऱ्या काट्यांच्या खालीच असतात, म्हणून खाली आडव्या पट्ट्या असलेल्या पॅलेटमध्ये ते अडकतात. पॅलेट उलटं करून बघा आणि मगच ऑर्डर द्या.

मागे वजन असलेली नेहमीची काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट ट्रक रिकामे करायला, यार्डात, उतारावर चालते. तिला साधारण साडेतीन ते चार मीटर गल्ली लागते. रीच ट्रकला (याचे काटे पुढे सरकून माल घेतात) पावणेतीन-तीन मीटर पुरते आणि तो दहा मीटरच्या वरही माल ठेवतो, पण चाकं लहान. खडबडीत यार्डात त्याला नेऊच नका. दीड-पावणेदोन मीटरच्या गल्लीत व्हीएनए (अगदी अरुंद गल्लीसाठीचं) मशीन जातं, मात्र फरशी काटेकोर सपाट हवी. फरशीतला थोडासा फरक वर मास्टच्या (काटे वर नेणाऱ्या उभ्या खांबांच्या) टोकाला कितीतरी पट होतो.

बंद गाळ्यात डिझेल नको, धूर आत कोंडतो. बॅटरीवाली घेतली तर चार्जिंगची जागा हवेशीर ठेवा, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरा. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं.

आता टन. मशीनवरची क्षमतेची पाटी वाचा. ‘२००० किलो, ५०० मिमी’ म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिमीवर असेल तरच दोन टन. पॅलेटच्या १२०० मिमी खोलीत काटे घालून उचललं की तो ६०० वर जातो. पुढच्या धुरीपासून काट्याच्या उभ्या बाजूपर्यंत ४०० मिमी धरले, तर २००० × (४०० + ५००) ÷ (४०० + ६००) = १८०० किलो. हा फक्त अंदाज. शेवटचा शब्द पाटीचा. मास्ट उंच नेला किंवा साइड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी) लावला की क्षमता आणखी घटते, आणि गंमत म्हणजे जोडणी बदलूनही पाटी जुनीच राहते. ती बदलून घ्या.

चालवताना काटे जमिनीपासून १५-२० सेंमी, मास्ट मागे कललेला. भरलेली फोर्कलिफ्ट उतारावर चढताना-उतरताना, दोन्ही वेळा माल चढाच्या बाजूला. गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा आणि कलंडण्याच्या उलट बाजूला झुका. माणूस चिरडला जातो तो बहुधा उडी मारल्यामुळेच.

महिन्यातून एकदा काट्यांची जाडी टाचेपाशी, म्हणजे काटा वळतो तिथे, मोजा. ४० मिमीचा काटा ३६ वर आला की बदला. वेल्डिंग करून चालवू नका.