सहावी-सातवीच्या मुलांच्या हातात पहिल्यांदा करवत देताना

मी सुतारकाम शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या बॅचला पक्ष्यांचं घर करायला दिलं होतं, उतरतं छप्पर, गोल भोक, सगळं, आणि तिसऱ्या तासापर्यंत निम्मं कापाकापीचं काम मीच करत होते, पोरं नुसती बघत उभी. तेव्हापासून पहिला प्रोजेक्ट एकच, बिनझाकणाची पेन्सिल ठेवायची पेटी. पाच तुकडे, सगळे काटकोनात, तिरकं काही नाही. एखादा चुकला तर दहा मिनिटांत दुसरा कापता येतो, आणि नवख्या मुलांसाठी मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लाकूड पाइनचं घ्या, 12 मिमी जाडीचं, मऊ असतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, नको, धूळ फार बारीक उडते आणि त्यात लाकडाच्या तंतूंच्या रेषाच नसतात, मग मुलांना लाकडाचा स्वभाव कळणार कुठून?

खरा वेळ मापांना द्या. मी एवढंच सांगते की पेटी बाहेरून 20 बाय 10 सेंमी हवी, बाकी तुम्ही काढा. जवळजवळ सगळी मुलं आखूड पट्टी 10 सेंमीचीच धरतात, दोन्ही लांब पट्ट्यांची जाडी वजा करून ती 7.6 होते हे लक्षातच येत नाही. सांगून टाकावंसं वाटतं पण नका सांगू, कागदावर खऱ्या मापात पेटीचा तळ काढायला लावा आणि त्यावर लाकडाचे तुकडे उभे ठेवून बघू द्या. कोणीतरी ओरडतंच, "अगं, मधे एवढी जागाच नाहीये!"

कापताना फळी टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधलेली हवी, हाताने धरायची नाही. गुण्याने रेघ मारा, करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला, कारण पातंही एक-दोन मिमी लाकूड खातं. आधी दोन-तीनदा आपल्याकडे ओढून खाच पाडायची, मग लांब लांब हात. मुलं पात्याच्या मधल्या चार बोटं भागानेच घाईघाईने घासत राहतात आणि जोर लावतात, तिथे थांबवा. बोथट करवत तर देऊच नका, तिला जोर लावावा लागतो आणि मग ती सटकते. गॉगल आणि केस बांधणं, यात अजिबात सूट नाही.

खिळा टोकाजवळ ठोकला की फळी फाटते. हे आधी टाकाऊ तुकड्यावर करून दाखवा, मग दुसऱ्या खिळ्याचं टोक हातोडीने जरा बोथट करून ठोका, नाहीतर आधी बारीक भोक पाडून घ्या. अणकुचीदार टोक पाचरीसारखं रेषा फाकवतं, बोथट टोक त्या चिरडत आत जातं. हे बघताना वर्ग एकदम शांत होतो.

ग्लू लावून अर्धा तास क्लॅम्प, ताण दुसऱ्या दिवशीपर्यंत द्यायचा नाही. मग पॉलिश पेपर, आधी 80 नंबर मग 120, रेषेच्या दिशेनेच.

आणि कोपऱ्यात फट राहिली असेल तर मुलं गेल्यावर गुपचूप भरून ठेवू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतःची फट बघून दुसरी पेटी मागितली आणि त्या वेळी पट्ट्या मापायला मला बोलावलंसुद्धा नाही.